फुगा फोडायचा नंबर

परवा नेकनूरच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत बसले होते. शेजारच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू मोबाइलवर फुगे फोडत होतं. फट्, फट्. आईनं भरवलेला घास गालात तसाच. त्या आवाजाचं कुणाला काही नव्हतं. मला मात्र उठून लांब जाऊन उभं राहावंसं वाटलं.

शिरूर कासारच्या बालवाडीत मी बाई होते, तेव्हा बाजारात एसटीडी फोनच्या पिवळ्या पाट्या नव्यानं लागत होत्या. आमच्या संस्थेला कुणीतरी एक जुना कॉम्प्युटर देणगी दिला. लेकरांनी हसतखेळत शिकावं, असं देणाऱ्याचं म्हणणं. आम्ही त्याला देवासारखं जपलं. चपला बाहेर, हात धुतलेले, वर भरतकामाचा रुमाल. त्यात एकच खेळ चाले: रंगीत फुगा वर चढायचा, बटण दाबलं की फुटायचा आणि आतून अक्षर निघायचं. वीज असेल त्या दिवशी एका लेकराचा नंबर. बाकीची मांडी घालून बघत आणि फुगा फुटला की मिळून ते अक्षर ओरडत. पाटीवर गिरवून गिरवून न बसलेला 'ग' तिथं एका दुपारीत बसलेला मी पाहिलाय.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली एक पोर होती, पाचेक वर्षांची, नाकात लिंबाची काडी, तोंडाची टकळी सदा चालू. वीज सारखी जायची, त्यामुळं तिचा नंबर ढकलत ढकलत नेमका खंडेनवमीला आला. कॉम्प्युटरला हळदकुंकू, झेंडूचा हार. "बाई, आज माझा नंबर हाय," ती म्हणाली. संस्थेतले म्हातारे गुरुजी उदबत्ती लावत होते. "आज न्हाई, बाळ. पुजलेल्या हत्याराला हात लावीत न्हाईत. तुज्या घरी तरी आज कोयता उचलत्यात का?" तिला ते पटलं. घरी सकाळीच कोयते पुजलेले तिनं पाहिले होते.

दसरा सरला आणि टोळी निघाली. ट्रॉलीतल्या भांड्याकुंड्यांवरून ती ओरडली, "बाई, माझा नंबर दुसऱ्याला देऊ नगा!"

हंगाम संपून टोळी परतली, ती तिच्याशिवाय. उसाच्या फडात पाचटावर निजलेल्या पोरीवरून ट्रॅक्टर मागं आला होता, हे आम्हाला आधीच कळलं होतं. तिची आई बालवाडीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "पोरगी तिकडं आमच्या कोपीत विटंवर बोटं आपटायची. फुगा फुटला म्हणायची. मला तेवढं दावा, बाई."

चपला तिनं न सांगताच बाहेर काढल्या, हात धुतले. वीज होती. फुगा वर चढला. उसाच्या पात्यानं चिरलेलं बोट तिनं बटणावर टेकवलं. फट्. लेकरं सवयीनं ओरडली, "ग!"

ती पडद्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एवढंच होतं व्हय?"

आता फुग्यांना नंबर लागत नाही. वीज, पूजा, हंगाम, कशासाठीच थांबावं लागत नाही. बरंच झालं म्हणायचं. पण तेव्हा एवढंच तर होतं, आणि तेवढंही त्या पोरीच्या वाट्याला आलं नाही.

एसटी लागली. शेजारच्या बाईनं लेकराच्या हातातला मोबाइल काढून घेतला, तसं ते रडायला लागलं.

"दे गं त्याला," मी म्हणाले. जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले असेन, कारण स्टँडवरचे चारदोन जण वळून बघायला लागले.