सुगतची बोडीखालची वाडी

गेले अठरा दिवस सुगत माझ्याशी फोनवर फक्त ‘हो आई’ आणि ‘बरं आई’ एवढंच बोलतो. जेवलास का? हो. रक्षाचा ताप उतरला का? हो. मग दोघंही फोन कानाला धरून नुसते बसतो. चार वर्षांपूर्वी तो असाच गप्प होत गेला होता आणि ते कुठवर गेलं ते मी पाहिलं आहे. कूस बदलून बदलून कंटाळले, म्हणून उठून हे लिहिते आहे.

सुगत माझा एकुलता एक मुलगा. वय तेहतीस. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. साकोलीच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे दरवर्षी नव्याने मुलाखत आणि दरवर्षी नव्याने वाट पाहणं. चार वर्षांपूर्वी त्याला बोलावलंच नाही. तेव्हा तो भंडाऱ्याला आमच्या घरातल्या मागच्या खोलीत आठ महिने बसून होता. लहानपणी कॉलनीतल्या झाडांना नावाच्या चिठ्ठ्या बांधत फिरणारा पोरगा, पण त्या आठ महिन्यांत खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडेही त्याने पाहिलं नाही.

मग त्याची बायको खुशबू, ती आरोग्य सेविका आहे, तिची बदली साकोलीजवळच्या एकोडीला झाली आणि माझ्या नातीला, रक्षाला घेऊन तिघं तिकडे राहायला गेले. खुशबूचे काका वासुदेवराव यांनी बोडीच्या पाळीखालचा आठ-दहा गुंठ्यांचा पडीक तुकडा त्याला दिला. बोडी म्हणजे धानासाठी बांधलेला लहान तलाव. त्याच्या पाळीतून, म्हणजे मातीच्या बांधातून, पाणी झिरपतं, त्यामुळे तिथे काहीही लावा, त्याच्याआधी गवत येतं. “कर जावाई, काय कराचं ते,” म्हणाले, “पन माह्या बांधीत गवत नाही आलं पायजे.” त्यांची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, अगदी लागून आहे.

त्या तुकड्याने माझा मुलगा मला परत दिला, हे मी आज म्हणते. तेव्हा मला ते खूळ वाटायचं. पहाटे पाचला उठून वाडीत जायचं, सातला परत. रक्षाची वेणी, तिचा डबा, तिला अंगणवाडीत सोडणं, मग, पुढच्या वर्षी महाविद्यालयाने पुन्हा बोलावल्यावर, मोटरसायकलने साकोली. दुपारी दोनला आला की खुशबू लसीकरणाला गेलेली असली तर स्वयंपाकही त्याचाच. वाडीतलं गवत उपटून पिशवीत भरून न्यायचा आणि तेच मुलांना प्रॅक्टिकलला द्यायचा. मला फोनवर सांगायचा, आई, आज लव्हाळा काढला, खाली गाठींची माळच निघाली. वांगी, बरबटीच्या म्हणजे चवळीच्या शेंगा, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर. निम्मं घरी, निम्मं खुशबूच्या उपकेंद्रातल्या बाया न्यायच्या.

यंदा पंधरा ऑगस्टच्या सुटीला मी एकोडीला गेले. झेंडावंदन करून आलेला सुगत कपडे बदलून वाडीत गेला होता, मी चहाचा थर्मास घेऊन मागोमाग गेले. तो वांग्यांच्या ओळीत उकिडवा बसून, डोक्याला दुपट्टा बांधून खुरपीने गवत काढत होता. आमच्याकडे नांगर, चिखलणी पुरुषांची. रोवणं आणि निंदण, म्हणजे वाकून किंवा बसून पिकातलं गवत काढणं, बायांचं. पुरुष निंदायला बसत नाही. बसला तर गाव हसतं.

आणि गाव हसतच होतं. पाळीवरून मालनबाई आणि ललिताबाई कोणाच्या तरी बांधीत निंदायला चालल्या होत्या.

“काय जी मास्तर, येता काय आमच्या संगं? एक बाई कमी पडून राहिली.”

“चहा पाजा मावशी, येतो,” सुगत मान वर न करताच म्हणाला.

“ललिते, याले नेलं त आपली रोजी जाईन. पाह्य कसा हात चालते याचा!”

“नेऊ नको व. माह्या बुढ्याले इथं बसव शिकाले. जनमभर गवत पाह्यलं त्यानं, उपटलं नाही एक काडी.”

“फी लागंल,” सुगत म्हणाला, आणि तिघंही हसले.

मग मालनबाईने मला पाहिलं. “जयभीम बाई. तुमचा पोरगा लय कामाचा आहे हो.”

ती मनापासून म्हणाली होती. मला ते टोचलं. मी थर्मास बांधावर ठेवला आणि त्या दोघींच्या समोर बोलले, “सुगत, उठ आधी. तुला एम.एस्सी. केलं ते बायांसारखं निंदायला बसायला? गडी नसेल तर बाया लाव, पैसे मी देते. पण पुन्हा मला असा बसलेला दिसू नकोस.”

ललिताबाईने पदर सारखा केला आणि दोघी पुढे निघाल्या. सुगत उठला. खुरपी बोडीच्या पाण्यात धुतली, दुपट्ट्याने पुसली, घरी येऊन वर आढ्याला खोचून ठेवली. जेवताना म्हणाला, “बरं आई.” तो पहिला ‘बरं आई’.

बायांसारखं. हे शब्द मी बोलले, जनाबाईच्या मुलीने. माझी आई जनाबाई तीस वर्षं दुसऱ्यांच्या बांधीत निंदायला गेली, म्हणून मी बी.ए. झाले आणि जिल्हा परिषदेत कारकून झाले. संध्याकाळी ती यायची तेव्हा पायांची बोटं चिखलाने कुजलेली असायची. मी गरम पाणी ओतायची आणि ती म्हणायची, “पाय नको पाहू, पुस्तक पाह्य.” सुटीत कधी तिच्यासोबत जाते म्हटलं तर मारायला उठायची. मला तिने एकदाही खुरपी हातात धरू दिली नाही. त्या दिवशी वाडीत मला सुगत दिसलाच नाही. आईची ती बैठक दिसली, गुडघे छातीशी, मान खाली. सुगतला हे काहीच ठाऊक नाही. त्याला एवढंच कळलं की आईला त्याची लाज वाटली.

आज संध्याकाळी खुशबूचा फोन आला.

“आई, तुमी यांले काही म्हनलं होतं काय?”

“का ग?”

“वाडीत पायच नाही ठेवून राहिले. बाया पाहाले गेले, पन सगळ्या धानाच्या निंदनात. कोनीच नाही आलं. त्यात हा पाऊस. गवत माह्या कमरेले लागते आता, वांगे दिसूनच नाही राहिले. मी मंगळवारी एक ओळ काढली त डिलिव्हरीचा फोन आला, गेली तशीच.”

“आणि तो काय म्हणतो?”

“काहीच नाही म्हनत, तेच त सांगून राहिली. कालेजातून येते अन् खाटेवर पडून छत पाह्यते. रक्षा म्हनते, बाबा झोपले, पन डोये उघडे आहेत.” मग म्हणाली, “काका आले होते सकाळी. गवत बियावर आलं म्हने. रविवारपर्यंत साफ नाही झालं त सोमवारी रोटावेटर फिरवतो. हे म्हनाले, फिरवा.”

फिरवा. मी ताटावरून उठले.

सुगतचे बाबा मला तासाभरापूर्वी म्हणाले, “इकडून तिकडे कायले फिरून राहिलीस? बोलली तू. आता फोनही तूच कर. मले सांगून काय होते?” आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी मनात वाक्यं जुळवून पाहिली. चुकले म्हणावं, तर तो म्हणेल, बरं आई. पैसे पाठवते म्हणावं, तरी तेच. वासुदेवरावांना फोन करून मुदत मागावी असंही वाटलं, पण मग तो माझ्या शब्दावर मिळालेला तुकडा होईल, त्याचा राहणार नाही. आठ-दहा गुंठ्यांत कंबरभर गवत आणि मधे एक शनिवार, एक रविवार. दोन माणसांनी सगळं होणार नाही. वांग्यांच्या ओळी आणि काकांच्या बांधीकडची कड एवढं तरी होईल.

तो अजूनही पाचलाच उठतो. रोज पाचला व्हॉट्सॲपवर त्याचं नाव ऑनलाइन दिसतं. जायचं कुठे नाही, तरी उठतो. मीही इकडे जागीच असते, पण दोघांपैकी कोणी काही लिहीत नाही.

आता पहाटे पाच वाजले की मी फोन करणार. सांगणार, बाबू, साकोलीची पहिली एसटी धरून येते, आढ्यावरची खुरपी काढ आणि दुसरी मालनबाईकडून माझ्यासाठी मागून आण. त्यांना सांग, कोणासाठी ते. मला निंदता येत नाही, ओळीत तुझ्या शेजारी बसते, तू शिकव. पाळीवरून कोणी हसलं तर हसू दे. आणि रक्षाला झोपवलं की तुझ्या आजीच्या पायांबद्दल तुला सांगायचं आहे.

तो ‘बरं आई’ म्हणाला, तरी मी फोन ठेवणार नाही. कोणत्या बाजूने सुरुवात करायची, ते विचारीन.