पाटीवरचे मोजे

बायकोच्या नाश्त्याच्या दुकानात मी स्वतः रंगवून एक पाटी लावली : ‘बिना मोज़े पहने खाना न छुएँ’. मला म्हणायचं होतं हातमोजे.

आमच्या कैक पिढ्या जबलपुरात गेल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. माझं डोकं मात्र कायम उंबऱ्यावरच बसलेलं, त्यामुळे दोन्हीकडून हसं होतं. हातमोज्यांना हिंदीत दस्ताने म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण ऐन वेळी आठवलं नाही. ‘हाथ के मोज़े’ लिहायला गेलो तर फळीवर जागा पुरेना. खाण्याला माणूस हातच लावणार, मग तो वेगळा कशाला लिहायचा, असा विचार करून मी हात गाळला.

दुकान मदन महल स्टेशनच्या रस्त्यावर. पोहे, साबुदाणा वडा, थालीपीठ. चालत होतं, म्हणजे बंद पडत नव्हतं इतकंच. अशात जवळच्या मुलींच्या वसतिगृहातून वॉर्डनबाईंचा निरोप आला. मुलींचा रोजचा नाश्ता बाहेरून घ्यायचाय, पण आधी स्वयंपाकघर बघणार. आधीच्या ठिकाणचं खाऊन मुली आजारी पडल्या होत्या. हे काम मिळालं तर दुकान तरणार होतं. नाही मिळालं तर बायकोला पुन्हा शिकवण्या घ्याव्या लागणार होत्या, आणि शिकवण्यांचं नुसतं नाव काढलं तरी तिचं डोकं दुखायचं.

मी तडक ऑफिसात रजा टाकली. काहून, एवढंच तिनं विचारलं. मदतीला, म्हणालो. तिनं मला गल्ल्यावर बसवलं. नोटा हाताळणारा माणूस खाण्यापासून लांब, हा तिचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. गल्ल्यावर मी गुंतलो, पण डोकं रिकामंच राहिलं आणि तिथेच घात झाला. फोनवर स्वच्छतेचे व्हिडिओ पाहिले, पातळ प्लास्टिकच्या हातमोज्यांचं खोकं आणलं आणि ती पाटी रंगवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जबलपूरजवळच्या पाटणकडची आमची स्वयंपाकीण दीदी आली ती पायात पांढरेशुभ्र मोजे घालून. नातवाचे असावेत, टाच अर्धी बाहेरच होती. काल पाटी वाचली म्हणून धुऊन आणलेत, म्हणाली. मोरीजवळच्या ओल्या फरशीवर ती सर्रकन घसरली. ओट्याची कड हाती लागली म्हणून वाचली. बायकोनं तिला खुर्चीवर बसवलं, मोजे काढायला लावले आणि दाराशी दोरीवर वाळत टाकले. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. ते जास्त लागलं.

मी पाटी उतरवायला स्टूल शोधत होतो, तेवढ्यात वॉर्डनबाई दारात. त्यांनी चष्मा सारखा करून पाटी वाचली. मग दोरीवरचे ओले मोजे पाहिले.

“यहाँ खाने को पैर लगाते हैं क्या, भैया?”

मी दोन्ही हात वर करून दाखवले. हे मोजे, मॅडम, हे! सकाळी घातले ते काढलेच नव्हते. याच मोज्यांनी गल्ला झाला, स्कूटरची किल्ली झाली, फोन झाला आणि खरं सांगायचं तर मधे एकदा नाकही झालं. आता उत्साहाच्या भरात मी बायकोचा नियमही विसरलो. बशीत पोहे घेतले, वर चिमटीनं शेव-कोथिंबीर भुरभुरली आणि बशी बाईंपुढे धरली. बाईंनी ती घेतली नाही. त्या माझ्या बोटांच्या टोकांकडे बघत होत्या. प्लास्टिक तिथे काळपट झालं होतं.

संपलं, असं मला वाटलं. बायकोच्या शिकवण्या मला ऐकू यायला लागल्या.

बाई आत गेल्या. बायको थालीपीठ थापून राहिली होती. बांगड्या खुंटीला, नखं कापलेली, हात उघडे. मोजे का नाहीत, त्यांनी विचारलं. प्लास्टिकला पीठ चिकटतं, म्हणाली, आणि फाटलं तर तुकडा पिठात जातो. कच्च्याला हात, भाजलेल्याला चिमटा. एवढं सांगून ती कामाला लागली. बाई तिच्या हातांकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. मधे बायकोची एक बट कपाळावर आली. ती तिनं मनगटानं मागे सारली आणि नळाशी जाऊन हात पुन्हा साबणानं धुतले. बाईंचा चेहरा सैल झाला तो तेव्हा. मग त्यांनी एक थालीपीठ मागितलं, उभ्यानंच खाल्लं आणि सोमवारपासून पाठवा म्हणाल्या. जाताना मला मात्र वळसा घालून गेल्या.

बायको हसली नाही. नुसता गॅस बारीक केला. आनंद झाला की ती असंच काहीतरी करते. दीदीनं अर्धवट वाळलेले मोजे नीट घडी करून पिशवीत ठेवले.

वातावरण बरं दिसलं, म्हणून मी स्टूल आणि रंगाचा डबा घेऊन आलो. म्हटलं, कोपऱ्यात थोडी जागा दिसते, ‘हाथ’ घालून टाकू का?

“पाटी मी काढते,” बायको म्हणाली. “तुम्ही मोजे पायात घाला अन् ऑफिसात जा.”