क्लॅरीची खिडकी

झीहान या खाणींच्या गावात पश्चिमेचा पाऊस आडवा येतो, भिंतींना धडका देत. नोरीनच्या फळ्यांच्या घराला त्या अंगाला एकच खिडकी. पाऊस आला की ती चहाचा मग घेऊन तिथे उभी राहायची, आणि ॲथल पॅस्कोच्या पोटात दुखायला लागायचं.

ॲथलने उभा जन्म खाणीची मालगाडी चालवली. लग्न केलं ते साठी उलटल्यावर, विधवा नोरीनशी. घर आयतं मिळालं, खिडकी मात्र मिळाली नाही. तिच्या माथ्यावरची, पाणी बाहेर वळवणारी शिशाची पट्टी नोरीनच्या पहिल्या नवऱ्याने, क्लॅरीने, स्वतः ठोकून बसवलेली. तो पत्रेकाम करायचा. अख्खं गाव तिला क्लॅरीची खिडकी म्हणे, नोरीनही. मेलेल्या माणसाशी भांडावं तरी कसं?

त्या हिवाळ्यात खिडकीच्या डाव्या अंगाला भिंतीत ओल धरली. ॲथलच्या मनात उकळ्या फुटल्या. जुनं शिसं उचकटून फेकायचं आणि खिडकी आपली करायची, म्हणून तो जस्ती पत्र्याची नवी पट्टी घेऊन आला. नोरीनने शिडी धरली.

वर गेल्यावर त्याला कळलं. उजवा कोपरा झिजून कागदासारखा चिरला होता खरा. बाकीची पट्टी धडधाकट. हातोडीचे ठसे माशाच्या खवल्यांसारखे एकाला एक लागून. ओल तिथली नव्हतीच. फळ्यांमागे शिरलेलं पाणी पट्टीवरून बाहेर पडावं म्हणून क्लॅरीने वर बारीक फट ठेवली होती. गेल्या उन्हाळ्यात, आपलं काम त्याच्याहून चोख दिसावं म्हणून, डाव्या बाजूची फट ॲथलनेच पांढऱ्या सिलिकॉनने बुजवली होती. वाट अडलेलं पाणी घरात शिरलं.

"कुणाची चूक?" नोरीनने खालून विचारलं.

क्लॅरीची, असं म्हटलं असतं तर कोण वर चढून बघणार होतं? नाव अगदी ओठांवर आलं.

"शिसं झिजलंय," तो म्हणाला. "कोपऱ्यात."

सिलिकॉन खरवडून त्याने खिशात कोंबलं. क्लॅरीच्याच शेडमधला शिशाचा तुकडा आणून कोपऱ्यावर ठोकला. त्याचे ठसे वेडेवाकडे उमटले. जस्ती पट्टी गवतात तशीच पडून राहिली.

संध्याकाळी पाऊस आला. भिंत कोरडी राहिली. नोरीन चहा घेऊन उभी होती, ॲथल तिच्या शेजारी. आता तरी ती नाव बदलेल, असं त्याला वाटत होतं.

"क्लॅरीची खिडकी गळायची थांबली," ती म्हणाली. मग एक घोट घेऊन सावकाश, "खिशातलं ते पांढरं काढून ठेव. पँट धुवायला टाकायचीय."