नागाच्या पाराभोवती

नव्वदच्या दशकात मी बेंगळुरात मल्लेश्वरमच्या सर्कलवर रोज सकाळी बसची वाट बघायची. तिथला ट्रॅफिक पोलीस अजून आठवतो. रिक्षावाले तेव्हा पेट्रोलमध्ये सर्रास रॉकेल मिसळत, आणि तो सगळा निळसर धूर याच्या नाकातोंडात जाई. तोंडावर बांधलेला ओला रुमाल बघता बघता काळा पडे. मग तो नळाखाली पिळून पुन्हा बांधायचा. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, पण घरात कानडी मिसळलेलं मराठी. माझं मराठी ऐकल्यापासून तो मला ‘अक्का’ म्हणू लागला.

कोपऱ्यावर पिंपळाचा पार होता, पाराशी दगडात कोरलेले नाग. मूल व्हावं म्हणून बायका त्याला फेऱ्या घालत. त्यांत त्याची बायकोही असायची. पुरुष मात्र तिथे कधी दिसला नाही. मला या गोष्टीची चीड यायची.

एक दिवस पाहते तर बायको कडेला बसलेली आणि हा गणवेशात, बूट काढून, फेऱ्या घालतोय. बाकीच्या बायका पदराआड हसत होत्या.

“आज तुम्ही?” तो नळाशी आल्यावर मी विचारलंच.

“डॉक्टरनं या खेपेला मला तपासलं, अक्का. खोट माझ्यात निघाली. धुरानंही असेल म्हणाले, नक्की सांगता येत नाही. सायबाकडे बदली मागितलीय, ते बघू म्हणतात.” त्यानं रुमाल पिळला. “इतकी वर्षं ती उगीच चालली. आता स्वल्प मी चालतो.”

मग रुमाल तोंडावर बांधून तो पुन्हा धुरात जाऊन उभा राहिला.