बाराच्या आतला फोटो
आज सकाळी मोबाईलने आपणहून एक जुना फोटो समोर आणला, आणि खडूचा, ओल्या दप्तरांचा तो वास नाकाशी आला. साक्रीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेत मी शिक्षक होतो. शाळेला मोठा टीव्ही मिळाला होता आणि मुलं तो रोज वापरतात, याचा फोटो दुपारी बाराच्या आत तालुक्याच्या शिक्षण ऑफिसच्या ग्रुपवर टाकावा लागे. त्या दिवशी मुलांना समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं, पण वीज आदल्या दिवसापासून गेलेली. सकाळपासून ऑफिसने मोबाईलवर पाठवलेल्या माहितीच्या दोन लिंका भरून झाल्या होत्या, शिकवणं अजून सुरूच नव्हतं. पावणेबाराला मुलांना बंद टीव्हीसमोर बसवलं, पडद्याकडे बोट दाखवायला सांगितलं आणि मोबाईल घेऊन त्यांच्या मागे उभा राहिलो. "समुद्र दिसतोय असं बघा रे," म्हणालो. तिसरीतली एक मुलगी बोट तसंच धरून म्हणाली, "गुरुजी, समुद्र कुठे शे? टीव्हीमा तर तुम्हीच शेतस." वर्ग हसला. मी खेकसलो, "गप बस. फोटो मोठा करून कोण बघतंय वरती?" फोटो गेला, लगेच ऑफिसातून अंगठाही आला. समुद्र मात्र राहूनच गेला. आज तो फोटो मी पहिल्यांदा मोठा करून बघितला. काळ्या पडद्यात मोबाईल धरलेला मी उभा आहे, आणि वर्गातलं एकेक बोट माझ्याकडे.