ओक्बुनताईचा इंग्रजी शब्द

कोरियातल्या मोकपो बंदराच्या मासळीबाजारात ओक्बुनताई कालवं फोडायची आणि शेजारी मी सुकी मासळी विकायचे. तरुणपणी तिला एक मुलगी झाली होती. नवरा बोटीवरून परतलाच नाही, तेव्हा सासूच्या सांगण्यावरून तिनं ती तान्ही पोर परदेशी दत्तक दिली.

एवढ्या वर्षांनी त्या मुलीचाच निरोप आला. तिचं नाव आता लोरेन, ती अमेरिकेतून भेटायला येणार होती. दुभाषी मिळणार होता, पण ताई हट्टाला पेटली.

"एवढं एक मी माझ्या तोंडानं सांगणार. माफी काय दुसऱ्याच्या जिभेनं मागू?"

मग आम्ही दोघी वस्तीतल्या इंग्रजीच्या वर्गाला गेलो. अविचारानं केलेल्या गोष्टीला काय म्हणतात, असं ताईनं तिथल्या शिक्षिका बांगबाईंना विचारलं.

"फूलिश."

"पूलिश."

"फू! खालच्या ओठावर दात टेकवा आणि हवा सोडा."

आमच्या कोरियन जिभेला तो फ ठाऊकच नाही. ताई कालवं फोडता फोडता फूफू करत बसायची.

"चूल फुंकतेस का गं ताई?"

"गप बस, मेले!"

शेवटी शब्द बसला. बांगबाईंनी "आय वॉज फूलिश", म्हणजे मी मूर्खपणा केला, असं पूर्ण वाक्यही घोकून घेतलं. "आपल्यासारखं 'मी', 'तू' गाळून इंग्रजीत चालत नाही हं, आजी."

लोरेन आली ती दुभाष्याच्या आधीच. कपाळ थेट ताईचं. ताईनं ओले हात पुसले, तिचे हात धरले आणि घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. तोंडून निघाला तो नुसता शब्द, अगदी स्वच्छ.

"फूलिश. व्हेरी फूलिश."

लोरेनचा चेहरा उतरला. तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. ताईला वाटलं, विचारतेय, मला देऊन टाकलंस ते?

"येस, येस," ताई रडत म्हणाली.

लोरेननं हात सोडवून घेतले. मी हाका मारत मागं धावले, पण माझ्याकडे तर तेवढाही इंग्रजी शब्द नव्हता. टॅक्सी निघून गेली.

दुभाष्यानं मग फोनवरून तिला सगळं समजावलं. फोन ठेवून तो म्हणाला, "त्यांना कळलं. पण पुन्हा समोर यायचं बळ नाही म्हणतात. आज परत चालल्या आहेत."

"मूर्खपणा कुणाचा, ते कळलं ना तिला?" ताईनं विचारलं.

"कळलं, आजी."

"मग का येत नाही?"

ताई तशीच स्टुलावर बसून राहिली. गिऱ्हाईक आलं, त्याला कालवं मीच बांधून दिली.