सुनेचा हात पोचेल असा गडू

गिरण्या बंद पडल्यापासून आमच्या मुलुंडच्या इमारतीतले एक मालवणी गिरणी कामगार आजोबा जिन्यात बसत आणि माझ्या मराठीला हसत. कॉलेजच्या पाहणीसाठी मी त्यांच्या घरी गेले. शेवटच्या आजारात उपचार किती हवेत, कुठे हवेत, घरच्यांशी बोललात का, असे प्रश्न होते. उत्तरं एक ते पाच आकड्यांत: एक म्हणजे विचारही केलेला नाही, पाच म्हणजे पक्कं झालेलं.

"इंग्लिश शाळेत ह्याच शिकवतत काय गो?" ते म्हणाले. "लिही, इचार करूक नाय."

सगळ्याच प्रश्नांना तेच उत्तर. आत सुनेची भांडी वाजायची थांबली होती. मी प्रत्येक ठिकाणी एकवर गोल केला.

मी चपला घालत होते, तेव्हा त्यांनी स्टुलावर चढून उंच फळीवरचा गंगाजलाचा बंद गडू उतरवला, कॉटजवळच्या कोनाड्यात ठेवला आणि सुनेला हाक मारली.

"हंयसर पोचता काय गो तुझो हात?"

तिने गडूला हात लावून पाहिला. "पोचतो, बाबा."

"मगे माका हंयसून हलवू नको."

ती गडूवरचा हात काढेना.

'घरच्यांशी बोललात का' या प्रश्नापुढचा एक मी जिन्यात उभी राहून खोडला आणि पाचवर गोल केला.